सारंगातली छोटी रचना पियानोसाठी लिहिताना: शेवटचा गांधार ठेवावा की काढावा?

डावाहात, सोलापूर

सर्वांना नमस्कार.

मी गेली तीस वर्षे पेटी वाजवतो आणि घरी काही मुलांना शिकवतो. साथसंगत हा माझा मूळ पिंड आहे. स्वतःच्या म्हणाव्यात अशा रचना थोड्या आहेत आणि त्याही बहुतेक शब्दांना लावलेल्या चाली आहेत. केवळ वाद्यासाठी काही लिहावे, तेही स्वरलिपीत पक्के करून दुसऱ्याच्या हाती द्यावे, असा प्रसंग या उन्हाळ्यापर्यंत आला नव्हता. माझी पुतणी पियानो शिकते. मे महिन्यात ती म्हणाली, "काका, आपल्या रागातले काहीतरी मला लिहून द्या, पण ते दोन पानांत बसले पाहिजे, कारण वाजवता वाजवता मला पान उलटता येत नाही." ही अट मला कोणत्याही सौंदर्यशास्त्रापेक्षा अधिक उपयोगी पडली. किती लिहायचे हा प्रश्न पहिल्याच दिवशी मिटला.

राग वृंदावनी सारंग निवडला. त्याचे सांगण्यासारखे कारण असे की तो दुपारचा राग आहे आणि सोलापूरची मे महिन्यातली दुपार ज्याने काढली आहे त्याला त्याविषयी वेगळे सांगावे लागत नाही. न सांगण्यासारखे कारण असे की त्यात गांधार आणि धैवत नाहीत, त्यामुळे नव्या वाद्यावर चुकायला जागा कमी. मध्य लयीतला तीनताल, मिनिटाला १२० मात्रा, म्हणजे एका आवर्तनाला आठ सेकंद. अठरा आवर्तने झाली, २ मिनिटे २४ सेकंद. स्टाफ नोटेशनमध्ये चार चार मात्रांचे ७२ बार होतात आणि ते दोन पानांत कसेबसे मावतात.

रचना सुचली ती अर्थात पेटीवर. ती पियानोवर नेल्यावर पहिला धक्का बसला तो लांब स्वरांचा. तिसऱ्या आवर्तनात मी ऋषभावर आठ मात्रा थांबलो आहे. पेटीवर भात्यात हवा आहे तोवर तो ऋषभ भरलेला राहतो, किंबहुना हवा किंचित वाढवून त्याला फुलवताही येते. पियानोवर पट्टी दाबल्या क्षणापासून स्वर उतरणीला लागतो आणि आठवी मात्रा येईपर्यंत माझा ऋषभ जवळजवळ संपलेला असतो. आपण ज्याला थांबणे म्हणतो ते त्या वाद्यावर विरणे होते, हे मला ठाऊक होते, पण माझ्या हातांना ठाऊक नव्हते.

दुसरी अडचण मोठी आहे आणि प्रश्न तिच्याविषयीच आहे. पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात भात्यावर असतो. त्याला श्वास माहीत आहे, स्वर माहीत नाहीत. तीस वर्षांनंतर त्या हातापुढे अचानक चार सप्तके मोकळी झाली आणि त्याने काय बोलावे ते मला सुचेना. प्रथम मी त्याला तानपुऱ्याचे काम दिले आणि खाली षड्ज-पंचम घुमवत ठेवला. दोन आवर्तनांतच ते जड आणि कंटाळवाणे वाटू लागले. मग, सोलापूर म्हटले की माग आलाच पाहिजे अशा समजुतीने, यंत्रमागाच्या खटखटीसारखा एक ठेका डाव्या हातात घातला. तो ऐकून घरातले सगळे कौतुकाने हसले, म्हणून दुसऱ्याच दिवशी काढून टाकला. ज्या रचनेत ऐकणारा पहिल्या दहा सेकंदांत "अरे, हा माग!" म्हणतो, तिच्यात पुढे ऐकण्यासारखे फारसे उरत नाही.

शेवटी पुतणीच्या सांगण्यावरून कॉर्डकडे, म्हणजे तीन-चार स्वर एकत्र वाजवण्याकडे, वळलो आणि तेथे काही गमती सापडल्या. सारंगात गांधार नसल्यामुळे षड्जावर पुरी कॉर्ड उभीच राहत नाही, षड्ज आणि पंचम एवढेच पोकळ राहतात. पंचमावर मात्र दोन कॉर्ड होतात: शुद्ध निषाद घेतला तर प-नि-रे ही मेजर, कोमल निषाद घेतला तर तीच मायनर. आपण ज्याला आरोहातला आणि अवरोहातला निषाद म्हणतो, तो डाव्या हाताखाली उजेड आणि सावलीसारखा पालटतो. ही जागा मी नवव्या आवर्तनात वापरली आहे आणि ती मला मनापासून आवडते.

आता शेवट. सतराव्या आवर्तनात डाव्या हातात प-नि-रे-म एकत्र येतात आणि अठराव्याच्या समेवर मी षड्ज, गांधार, पंचम अशी कॉर्ड दिली आहे. संपूर्ण रचनेत गांधार येतो तो एवढाच, एकदाच आणि तोही डाव्या हातात, उजव्या हातातल्या षड्जाच्या खाली झाकलेला. पुतणीचा चेहरा ते ऐकून उजळला आणि ती म्हणाली, "आता संपल्यासारखे वाटते." माझ्या गुरुबंधूंनी मात्र डोळे मिटून ऐकता ऐकता शेवटी उघडले आणि म्हणाले, "सगळे निघायच्या वेळी हा कोण पाहुणा आला?" गांधार काढला तर शेवट अर्धवट वाटतो आणि ठेवला तर मला रात्री झोप लागत नाही. जाणकारांनी मत द्यावे. एकंदर डाव्या हाताविषयीही कोणी दोन शब्द लिहिले तर उपकार होतील.

---

पांढरी एक, पुणे

नमस्कार. मी पियानो शिकवते, थोडेफार लिहितेही आणि आपल्या रागसंगीताची केवळ श्रोता आहे, तेव्हा रागाविषयी काही चुकीचे लिहिले गेल्यास सांभाळून घ्यावे.

आपण गांधाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे, पण माझ्या मते गुन्हा त्याच्या आधीच्या आवर्तनात घडला आहे. प-नि-रे-म हे चार स्वर एकत्र वाजवले की पाश्चात्त्य संगीतात तयार होते ती डॉमिनंट सेव्हन्थ, आणि तिच्यात दोन ओढी असतात. शुद्ध निषादाला वरच्या षड्जाकडे जायचे असते आणि मध्यमाला अर्धस्वर खाली उतरून गांधाराकडे जायचे असते. गेली तीनशे वर्षे त्या कॉर्डने ऐकणाऱ्याला हीच सवय लावली आहे. म्हणजे आपण सतराव्या आवर्तनात मध्यमाला गांधाराचे वचन देऊन बसलात, आणि अठराव्यात ते पाळले तरी पंचाईत, मोडले तरी पंचाईत. सारंगात मध्यम जातो कोठे? आपल्याच लिहिण्यावरून आणि मी जे काही ऐकले आहे त्यावरून, तो ऋषभावर येतो. "म रे" ही रागाची वाट आहे, "म ग" ही कॉर्डची. एकाच मध्यमाला आपण दोन पत्ते दिले आहेत.

तेव्हा माझा सल्ला असा की गांधार काढायचा की नाही याचा विचार करण्यापूर्वी सतराव्या आवर्तनातली ती कॉर्ड काढून पाहावी. मागणीच उरली नाही तर पुरवठ्याचा प्रश्न येणार नाही. पुतणीला "संपल्यासारखे" वाटते ते गांधारामुळे नव्हे, आधी ताणलेले सुटल्यामुळे. ताण दुसऱ्या कशाने निर्माण केला तर तो दुसऱ्या कशाने सुटेलही.

डाव्या हाताविषयी. आपण त्याला तानपुरा केलेत, माग केलेत आणि मग कॉर्ड केलेत. या तिन्ही भूमिका नोकराच्या आहेत. त्याला गायला का लावू नये? जर्मन संगीतकार बाखने १७२३ साली आपल्या विद्यार्थ्यांसाठी दोन आवाजांच्या पंधरा छोट्या रचनांची वही स्वच्छ लिहून काढली आणि तिच्या मुखपृष्ठावर हेतू स्पष्ट केला की शिकणाऱ्याने दोन आवाज स्वच्छ वाजवावेत आणि मुख्य म्हणजे गाती शैली साधावी. त्यातली पहिली रचना अवघ्या २२ बारांची आहे. तिच्यात डाव्या हाताखाली कॉर्ड जवळजवळ नाहीतच. उजवा हात जे म्हणतो ते डावा अर्ध्या बाराने मागाहून म्हणतो, आणि दोघांच्या बोलण्यातून हार्मनी आपोआप उमटते. आपल्याकडे जुगलबंदी आहे, सवाल-जवाब आहे, साथीला बसलेला पेटीवाला गायकाच्या पाठोपाठ जातो तेही आहे. आपण आयुष्यभर ज्याच्या मागून गेलात तो गायक उजव्या हातात आहे असे समजा आणि डाव्या हाताला साथीला बसवा.

विरणाऱ्या ऋषभाचे दुखणेही याच औषधाने बरे होईल. उजव्या हाताचा लांब स्वर विरत असताना डाव्या हाताने हालचाल केली तर कान तिकडे जातो आणि स्वर विरल्याचे जाणवत नाही. खालच्या तारा अधिक वेळ वाजत राहतात, हाही एक फायदा. मात्र खालच्या सप्तकात षड्ज आणि पंचम शेजारी शेजारी ठेवू नका. आपला तानपुरा जड झाला तो त्यामुळेच. पंचम एक सप्तक वर उचला, मोकळे वाटेल.

आणखी एक व्यावहारिक सूचना, कारण विद्यार्थी हमखास येथे घसरतात. कोमल आणि शुद्ध निषाद पाठोपाठ असतील तेथे पेडल (पायाने दाबून स्वर घुमत ठेवण्याची सोय) बदलण्याची खूण पानावर ठळक लिहा. पेडल दाबलेलेच राहिले तर दोन्ही निषाद एकमेकांत मिसळून घुमतील, आणि आपल्या नवव्या आवर्तनातल्या उजेड-सावलीचा चिखल होईल.

शेवटी एक शंका. अठरा आवर्तनांत आपण ऋषभावरचा विस्तार, दोन्ही निषादांचा खेळ, कॉर्ड आणि बहुधा शेवटी द्रुत तानाही घेतल्या असाव्यात, असे वर्णनावरून वाटते. पियानोचा संगीतकार शोपँ याच्या १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चोवीस प्रील्यूडांतले, म्हणजे छोट्या रचनांतले, सातवे फक्त १६ बारांचे आहे. त्यात एकच वाक्य आहे, तेही एकाच लयखंडावर चालवलेले, आणि साऱ्या रचनेत जोराने वाजवण्याची कॉर्ड म्हणावी अशी एकच. बडा ख्याल आकसून दोन पानांत बसत नाही. पहिल्या वाचनात तानांचे पान फाडून पाहावे, असे सुचवते.

---

श्रोता

विषय रंजक आहे, पण गांधार घेतल्यावर त्याला सारंग म्हणू नये एवढेच म्हणतो. देसचा आरोह सारंगासारखाच आहे, दोन्ही निषादही आहेत. गांधार दिसला की देस डोकावणारच. शीर्षकात "सारंगावर आधारित" असे लिहून मोकळे होता येईल, पण ती पळवाट झाली.

---

कानस

पेट्या दुरुस्त करणे आणि सुरात लावणे हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे माझे उत्तर थोडे तांत्रिक होईल.

डावाहात यांना झोप न लागण्याचे एक कारण रागाच्या व्याकरणात असेल, पण दुसरे निव्वळ सुरात आहे. पियानोचे सप्तक बारा समान भागांत वाटलेले असते. प्रत्येक अर्धस्वर १०० सेंट (सेंट हे स्वरांतर मोजण्याचे माप), म्हणून गांधार ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो तो सुमारे ३८६ सेंटवर असतो. म्हणजे पियानोचा गांधार १४ सेंट चढा. धैवत स्वयंभू स्थानापासून साधारण १६ सेंट चढा. उलट ऋषभ, मध्यम आणि कोमल निषाद यांत फरक चार सेंटच्या आत आणि पंचमात तर दोनच. शुद्ध निषाद मात्र बारा सेंट चढा असतो, पण तो षड्जाच्या उंबऱ्यावर उभा असल्यामुळे कान त्याला फार बोल लावत नाही. आता सारंगाकडे पाहा. जे दोन स्वर पट्ट्यांच्या वाद्यावर सर्वांत अधिक टोचतात तेच नेमके या रागात वर्ज्य आहेत. डावाहात यांनी "चुकायला जागा कमी" म्हणून राग निवडला, ते त्यांना वाटले त्याहून अधिक खरे आहे. अडीच मिनिटे कान स्वच्छ ठेवून शेवटच्या समेवर त्यांनी तोच एक चढा स्वर आणून ठेवला. ज्याने आयुष्यभर गांधार ट्यूनिंगची पेटी वाजवली त्याला तो खुपणार नाही तर काय?

हे ट्यूनिंग ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पेटीतला सूर म्हणजे पितळेची जीभ. तिच्या टोकाकडे कानस चालवली की सूर चढतो, मुळाकडे चालवली की उतरतो. एक पट्टी षड्ज धरून गांधार, धैवत, निषाद मुळाकडे खरवडून उतरवून घेतात. पेटी त्या पट्टीत गोड होते आणि दुसऱ्या पट्टीत रुसते. याच सगळ्या भानगडीपायी १९४० पासून १९७१ पर्यंत ऑल इंडिया रेडिओवर पेटीला मज्जाव होता. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, निघत नाही हा एक आक्षेप आणि स्वरस्थाने परकी हा दुसरा. त्याआधीच, विसाव्या शतकाच्या आरंभी, देवल आणि क्लेमेंट्स यांनी श्रुति-हार्मोनियम करून पाहिली होती. पहिल्या आक्षेपावर कानशीने उपाय होत नाही.

काही डिजिटल पियानोंमध्ये स्वरांतराची पद्धत बदलण्याची सोय असते. पुतणीच्या वाद्यात ती असेल तर गांधार उतरवून ऐकून पाहावा. तरीही तो खुपला तर तक्रार व्याकरणाची आहे असे समजावे, आणि खुपला नाही तर माझी.

डाव्या हाताविषयी एक निरीक्षण. आपल्याकडे तो कधीच मोकळा नव्हता असे नाही. संगीत नाटकांत पायपेटी होती, जिला सगळे ऑर्गनच म्हणत. भाता पायाने चालायचा आणि दोन्ही हात पट्ट्यांवर. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या जुन्या पायपेट्या मी आतून बाहेरून पाहिल्या आहेत. उजवीकडच्या पट्ट्यांवर बोटांचे खड्डे पडलेले असतात आणि डावीकडच्या बहुतेक कोऱ्या, त्यांतही झिजलेल्या दोन-तीनच, त्या षड्ज-पंचमाच्या. हात मोकळा मिळाला तेव्हाही आपण त्याला पहाऱ्यावर उभे केले. तेव्हा पुण्याच्या ताई म्हणतात त्याप्रमाणे त्याला गायला लावण्याचा प्रयत्न अवश्य व्हावा.

---

जकार्ड, सोलापूर

मला स्वरांतले फारसे कळत नाही. आमच्या घरी दोन पिढ्या चादरीचे डिझाइन काढण्याचे काम होते आणि मी ते ग्राफच्या कागदावर चौकोन भरण्यापासून संगणकापर्यंत पाहिले आहे. डावाहात यांनी मागाचा ठेका काढून टाकला हे उत्तम झाले. बाहेरच्या माणसाला मागाचा आवाज ठेका वाटतो, पण शेडमध्ये बसणाऱ्याला तो तसा ऐकू येत नाही. शेजारच्या दोन मागांची गती कधी तंतोतंत एक नसते. ते काही क्षण एकत्र ठोके देतात, मग हळूहळू एकमेकांपासून सरकत जातात आणि बऱ्याच वेळाने पुन्हा एकत्र येतात. आमचे आजोबा त्या सरकण्यावरून कोणता माग मंदावला ते खुर्चीतून न उठता सांगत. तीनतालात ते बसवता येणार नाही, असे मला वाटते.

गांधाराविषयी मात्र माझे मत इतरांहून वेगळे आहे. चादरीत मधली नक्षी एका पंचकार्डांच्या, म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांच्या, माळेवर फिरत राहते. काठाची गोष्ट निराळी, त्याची कार्डे वेगळी असतात. काठाला मधल्या नक्षीत नसलेला रंग द्यायला कोणाची हरकत नसते. फक्त डिझाइन काढणारा एक काळजी घेतो, की काठाचा रंग मधल्या नक्षीत कोठेतरी दोऱ्याइतका तरी दिसलेला असावा, म्हणजे काठ उपरा वाटत नाही. पाहुणा निघायच्या वेळी आला ही अडचण असेल तर त्याला आधी एकदा दारातून डोकावू द्यावे.

---

डावाहात, सोलापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण प्रत्येक सूचना वाजवून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते, आणि मधल्या काळात रोज दुपारी वीज जात असल्यामुळे पुतणीचा पियानो नेमका सारंगाच्या वेळी मुका असायचा.

जकार्ड यांची सूचना मला सर्वांत आधी करून पाहावीशी वाटली, कारण गांधार वाचवण्याचा तो एकमेव मार्ग होता आणि मला तो वाचवायचा होता हे मी आता कबूल करतो. सहाव्या आवर्तनात डाव्या हातात, मध्यमाकडून ऋषभाकडे येताना, वाटेत गांधाराचा नुसता कण ठेवला. दोऱ्याइतकाच. पण "म ग रे" असे तीन स्वर त्या क्रमाने कानावर पडले मात्र, आणि श्रोता यांनी बजावले होते तसा देस दारातून डोकावला नाही, तर थेट बैठकीत येऊन बसला. पुढची तीन आवर्तने मी सारंग वाजवत होतो आणि कान धैवताची वाट पाहत होते. चादरीत रंग शेजारच्या रंगाला आपले नाव विसरायला लावत नाही, रागात एक स्वर साऱ्या घराचे नाव बदलतो. येथे आपली उपमा थांबते, जकार्डदादा, पण ती करून पाहिली नसती तर मला हे इतके स्वच्छ कळले नसते. मागांच्या सरकण्याविषयी आपण जे लिहिलेत ते डोक्यात घर करून बसले आहे, त्याचे पुढे वेगळे काही होईल असे वाटते.

कानस यांच्या सांगण्यावरून पियानोच्या सेटिंगमध्ये शोधले तर सोय खरोखर सापडली. गांधार उतरवल्यावर तो गोड झाला यात शंका नाही. तरीही तो नको वाटला, म्हणजे आपल्याच निकषाने तक्रार व्याकरणाची ठरली. मात्र या प्रयोगात आणखी एक गोष्ट लक्षात आली. मूळ गांधार मला ज्या प्रकारे टोचत होता त्यात दोन टोचण्या एकत्र होत्या आणि मी त्यांना एकच समजत होतो. एक निघाल्यावर दुसरी वेगळी दिसली.

राहता राहिली पांढरी एक यांची सूचना. सतराव्या आवर्तनातली कॉर्ड काढली. पहिल्यांदा वाजवल्यावर शेवट इतका सपाट झाला की मी वही मिटून ठेवली. दोन दिवसांनी भजनाच्या साथीला बसलो होतो. गायक "म रे" म्हणून थांबले आणि श्वास घेण्यापूर्वी मी सवयीने पेटीवर "नि सा" भरून दिले. हे मी आजवर किती वेळा केले असेल याची गणती नाही. ते सगळे उजव्या हाताने केले होते आणि तेवढ्या वेळात डावा हात भाता ओढत होता.

आता शेवट असा आहे. उजवा हात मध्यमावरून ऋषभावर येतो आणि तेथेच थांबतो, षड्जावर जात नाही. त्याचे वाक्य डावा हात पुरे करतो, मंद्र निषाद आणि षड्ज, एकेकटे, कॉर्डशिवाय. ताण आहे, कारण उजवा हात वाक्य अर्धवट सोडतो. तो सुटतो, कारण दुसरा कोणीतरी ते पुरे करतो. एकच दक्षता घ्यावी लागते. ऋषभ आणि निषाद यांच्या मध्ये पेडल पूर्ण सोडावे लागते, नाहीतर मागे घुमणारा मध्यम निषादाशी जाऊन मिळतो आणि जिला घरातून घालवले तीच कॉर्ड मागच्या दाराने परत येते. पुतणीने हे तीनदा चुकवले, तेव्हा आम्हा दोघांनाही ते नीट ऐकू आले.

शेवट असा ठरल्यावर तो आधीच्या भागातही दिसू लागला. तिसऱ्या आवर्तनातल्या लांब ऋषभाखाली आता डावा हात हळूच "नि सा रे" म्हणतो आणि तो ऋषभ विरला की नाही याची मला चिंता वाटत नाही. मध्यमावरून ऋषभावर येणारी मींड निघणार नाही हे मान्य करून तेथे कण लिहिला आहे, पण तो डाव्या हाताने वाक्य उचलण्याच्या जागी मात्र मुद्दाम टाळला आहे. नववे आवर्तन तसेच ठेवले. प-नि-रे मेजर आणि मायनर एवढ्या दोनच कॉर्ड साऱ्या रचनेत उरल्या आहेत, आणि त्यांचा हट्ट मी सोडणार नाही.

तानांचे पान मी फाडले नाही. पांढरी एक यांचा अंदाज खरा होता, ताना होत्या, पण त्या दोन आवर्तनांच्या होत्या आणि आता एका आवर्तनाची एकच आहे. माझ्या पेटीवाल्या बोटांना तेवढी मुभा असावी. रचना सतरा आवर्तनांची झाली, २ मिनिटे १६ सेकंद. दुसऱ्या पानाच्या तळाशी चार बोटे जागा रिकामी राहिली आहे. श्रोता यांच्या समाधानासाठी सांगतो की शीर्षकात "आधारित" हा शब्द नाही.

---

पांढरी एक, पुणे

वाचून फार आनंद झाला. एकच विचारते: शेवटच्या षड्जावर आपण काय खूण केली आहे? तो पेडलवर विरेपर्यंत ठेवायचा की मोजून चार मात्रांनी उचलायचा? आपण लिहिले नाही तर प्रत्येक वाजवणारा आपल्या मनाने करील, आणि अशा शेवटाला हात उचलण्याचा क्षण हाही एक स्वरच असतो.

---

डावाहात, सोलापूर

खूण केली आहे, पण ती आपल्या कोणत्याही संगीतकोशात सापडणार नाही. त्या षड्जाखाली मी देवनागरीत "भाता मिटेपर्यंत" असे लिहिले आहे. पुतणीने विचारले, की पियानोला भाता कोठे असतो. मी तिला माझ्या पेटीजवळ बसवले, तिचा डावा हात भात्यावर ठेवला, षड्जाची पट्टी मी दाबून धरली आणि तिला म्हटले, आता ओढू नकोस, नुसते सोडून दे. भाता आपोआप मिटला, सूर बारीक होत गेला आणि शेवटी केवळ हवेची फुंकर उरली. साधारण पाच मात्रा लागल्या. तिने आपल्या प्रतीवर त्या शब्दांपुढे पेन्सिलीने पाचचा आकडा लिहिला आहे.